उतरती आच

भाकरी रोज होते त्या घराला पावाची भट्टी कशाला, हे आमच्या गावात मला जवळपास सगळ्यांनी विचारून झालं. काहींनी तोंडावर विचारलं, काहींनी गडग्यापलीकडे उभं राहून हवेला विचारलं. गवंडी तर काम घ्यायलाच राजी नव्हता. चिऱ्याचा ओटा आणि त्यावर कौलांचं छप्पर, इथवर त्याला पटलं होतं. ओट्यावर मातीचा घुमट येणार म्हटल्यावर त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. "काकी, ह्यां वारूळ कित्याक? शिमिटाचां करूया. नातवंडांक पुरात."

सिमेंट का नको हे सांगण्यात एक दुपार गेली. पाण्याशी संयोग होऊन सिमेंट घट्ट होतं. आच चारशे-साडेचारशे अंशांपलीकडे गेली की धरून ठेवलेलं ते पाणी सुटू लागतं, आणि जोड भुसभुशीत होतात. मातीचं उलट, ती भाजली की पक्की होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान काही हलवली नाही. शेवटी मी विचारलं, "तुझ्या आईने चुलीला कधी सिमेंट लावलं होतं का?" मग मात्र त्याने मातीचा भाव सांगितला.

घराबाहेर रांधणं ही कोकणात नवलाई नाही. शहरातल्या बंगल्यांच्या जाहिरातींत हल्ली हिरवळीवर स्टीलचा ओटा, गॅसची जाळी, शेजारी बुटका फ्रिज असा थाट दिसतो, आणि पाहुणे हातात पेला घेऊन उभे असतात. आमच्याकडे मागीलदारी तीन दगड पूर्वीपासून आहेत. उकड्या तांदळासाठी भात उकडायचा तर एवढं मोठं भांडं घरात मावणार कुठे? काजूच्या बिया भाजायच्या त्याही बाहेरच, कारण टरफलातलं तेल पेट घेतं, उडतं, आणि अंगावर आलं तर कातडी जाते. न्हाणीची चूल बाहेर, लग्नाचा चरही बाहेर. तेव्हा माझ्या ओट्याबद्दल कुणाला काही वाटलं नाही, प्रश्न होता तो घुमटाबद्दल.

आपल्या स्वयंपाकात आग भांड्याखाली असते. जाळ ओढला की उकळी बसते. चहूबाजूंनी आच देण्याच्या रीती आपल्याकडे नाहीत असं नव्हे. रायगडात थंडीत पोपटी लावतात, वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. पण तिथेही आग जवळच असते, दिसत असते. पावाच्या भट्टीत पोटातच आग पेटवायची, तास-दोन तास भिंती तापवायच्या, आणि मग सगळी आग ओढून बाहेर काढायची. भाजायला घ्यायचं ते आग गेल्यावर. हे मला समजायला अर्धं आयुष्य लागलं, म्हणून जरा मागे जाते.

सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला बेकरी होती. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात घरोघरच्या बायका रवा, मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलची डब्यात भरून तिथे नेत आणि नानकटाई भाजून आणत. किलोमागे मजुरी द्यायची. नेण्या-आणण्याचं काम पोरांकडे. बेकरीवाल्याचा एकच नियम होता, दुपारी तीनच्या आत यायचं नाही. तीननंतर काळ्या पडलेल्या पत्र्यांवर गोळे मांडले जात, प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी. आम्ही भिंतीला टेकून बसायचो, आणि दुसऱ्याच्या पत्र्यावरची नानकटाई आपल्यापेक्षा फुगली की वाईट वाटून घ्यायचो.

आजी बेकरीच्या पावाला शिवत नसे. नानकटाई मात्र खाई. तूप आपलं, रवा आपला, भट्टी तेवढी परकी, आणि अग्नीला विटाळ नाही, अशी तिची मांडणी होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून ग्रामण्य झालं, टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न गेला, ही हकिगत तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेली. तिचा राग खाणाऱ्यांवर नव्हता. गोपाळराव जोश्यांनी नावं उघड केली, ते तिला खपलेलं नव्हतं. खाल्लं तर खाल्लं, छापायचं काय त्यात, असं म्हणत ती दुसरी नानकटाई उचले.

त्या भट्टीच्या तोंडातून मी अनेकदा आत वाकून पाहिलं. आग कुठेच दिसायची नाही. काळोख, आणि तोंडावर झळ. मागे कुठेतरी दडवली असेल असं वाटायचं. एकदा विचारलं तर भट्टीवाला म्हणाला, "ती पहाटेच गेली." मला वाटलं, टाळतोय.

पुढे नोकरीनिमित्त फोंड्याला राहिले, आणि पावाशी खरी ओळख तिथे झाली. सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत पोदेर सायकलवरून यायचा, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक. मऊ पाव, कडक पाठीचा उंडो, कांकणं, आणि माझी लाडकी पोय. चपटी, पोकळ, वर कोंडा भुरभुरलेला. पोर्तुगिजांबरोबर पाव गोव्यात आला. सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइटांनी तो भाजायला शिकवलं आणि तिथून तो गावोगाव गेला, असं तिथले लोक सांगतात. परक्या मुलखातली ही विद्या, पण खमिराचा प्रश्न गोव्याने आपल्या झाडावर सोडवला. माडाची सूर घालून पीठ फुगवायचं. आता रेंदेर कमी झाले, माडावर चढायला माणूस मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी बाजारचं यीस्ट चालतं. म्हातारे पोदेर त्याबद्दल हळहळतात. मला स्वतःला सुरेच्या पावाची चव फार वेगळी लागली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. भूक लागलेली असताना ताज्या पोयीत खोट काढणं मला जमत नाही.

आमच्या वाड्यावरच्या पोदेराने एका संध्याकाळी मला भट्टी आतून दाखवली. फरशीच्या खाली वाळू, मीठ आणि फुटक्या काचा भरल्या आहेत, आच खाली उतरू नये म्हणून, असं तो म्हणाला. मग त्याने चिमूटभर पीठ आत फरशीवर भिरकावलं. ते क्षणात काळं पडलं. "आत्ता नाही." थोड्या वेळाने पुन्हा टाकलं, आता सावकाश तपकिरी झालं. "आत्ता." थर्मामीटर कुठेच नव्हता. सांगलीच्या भट्टीवाल्याने मला टाळलं नव्हतं, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याजवळ घर झालं, परसात जागा होती, आणि डोक्यात ही भट्टी. मापं सांगते, कारण विचारणारे तीच विचारतात. आतला व्यास २७ इंच, घुमटाची उंची १६, दाराची उंची १०. यातलं शेवटचं माप मनाला येईल तसं बदलता येत नाही. दार घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवायचं. त्याहून उंच झालं तर ऊब निघून जाते, फार बुटकं झालं तर आगीला वारा पुरत नाही आणि धूर कोंडतो. एकाच तोंडाने खालून गार हवा आत जाते आणि वरून धूर बाहेर पडतो. आमच्या भट्टीला धुराडं नाही.

चिऱ्याचा ओटा कमरेइतका. त्यावर रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या मांडल्या आणि मधल्या फटींत भाताचं तूस कालवलेली माती भरली. बाटल्यांतली कोंडलेली हवा आच खाली जाऊ देत नाही, म्हणजे पोदेराच्या काचांचंच काम करते. बाटल्या गावातून गोळा केल्या तेव्हा आमच्या घराबद्दल काय बोललं गेलं असेल, ते बोलणाऱ्यांनाच माहीत. वर वाळूच्या थरावर भट्टीच्या विटा, ९ बाय साडेचार बाय ३ इंची, सांध्यात काहीही न भरता एकमेकींना खेटून बसवल्या. एखादी तडकली तर काढून दुसरी घालता यावी म्हणून.

मग ओल्या वाळूचा ढीग घुमटाच्या आकाराचा रचला, त्यावर भिजवलेली वर्तमानपत्रं, आणि त्यावर चार इंच जाडीचा मातीचा थर. अंगणातली लाल माती चालली नाही, तिच्यात चिकटपणा कमी. कुंभाराकडून चिकणमाती आणली, नदीची वाळू तिच्या तिप्पट. खाडीची वाळू जवळ होती, पण खारी. ताडपत्रीवर ओतून पायांनी तुडवली. शेजारची पोरं न बोलावता आली आणि गुडघ्यापर्यंत माखून गेली. मूठभर गोळा खांद्याइतक्या उंचीवरून टाकायचा, चपटा झाला तर पाणी जास्त, फुटला तर कमी. नुसता दबून बसला की माती तयार. थर आंबट-ओला असतानाच दार कापलं, दुसऱ्या दिवशी आतली वाळू हातांनी ओढून काढली. शेवटी वर्तमानपत्राचे कागद घुमटाच्या आतून लोंबत राहिले, निवडणुकीच्या बातम्यांसकट, आणि पहिल्या आगीत जळाले. वरून तूस-मातीचा आणखी एक जाड थर, तो ऊब धरून ठेवायला.

पहिले काही दिवस फक्त करवंट्यांचा लहान जाळ. मातीतलं पाणी सावकाश गेलं नाही तर वाफ होऊन भिंत फोडते. बारीक भेगा पडल्याच, त्या पडतात. आणि छप्पर हवंच. आमच्याकडचा पाऊस कच्च्या मातीचा घुमट एका मोसमात विरघळवून टाकेल, आणि भिजलेल्या भट्टीत निम्मं लाकूड तिला वाळवण्यातच जातं.

पेटवायची रीत साधी आहे. दाराशी चुडतं आणि करवंट्या, जाळ धरला की मागे सरकवायचा, मग सुकं लाकूड. घुमट आतून काजळीने काळा होतो. आच चढत गेली की एका टप्प्यावर ती काजळीच जळून जाते आणि माती पुन्हा मातीच्या रंगाची दिसू लागते. हे बघायला मी अजूनही खुर्ची टाकून बसते. मग निखारे ओढून काढायचे, बांबूला बांधलेलं ओलं गोणपाट फरशीवरून फिरवायचं, लाकडी दार भिजवून लावायचं आणि थांबायचं. भिंतींच्या पोटातली ऊब सारखी पसरायला वेळ लागतो. मग चिमूटभर पीठ.

आणि इथून घाई सुरू होते, कारण आच उतरायला लागलेली असते. आधी पातळ रोट्या, त्या मिनिटभरात होतात. अडीचशे अंशांच्या खाली आली की पाव. पावांच्या अंगची वाफ दाराआड कोंडते आणि वरचं कवच चकचकीत होतं. पाव निघाले की दीडशे-एकशेसाठ, ही नानकटाईची वेळ. सांगलीचे तीन वाजलेले ते हेच. पावाने वापरून उरलेली आच बेकरीवाला आम्हाला मजुरीवर देत होता, त्याचं एक काटकूट जास्त खर्च होत नव्हतं, आणि आम्हाला वाटायचं, शिष्ट आहे. त्यानंतर रताळी, मग रात्रभर शेंगदाणे. सकाळी हात घातला तर भिंत अजून कोमट.

दोन माणसांचं घर एवढी आच संपवू शकत नाही. भट्टी बांधताना हा हिशेब मी मांडला नव्हता, मांडला असता तर कदाचित टेबलावरचा ओव्हन घेतला असता आणि शांत राहिले असते. दोन पावांसाठी भट्टी पेटवणं ही निव्वळ नासाडी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हा पुष्कळ जुन्या खवय्यांनी गळा काढला. मला ते पटलं नाही. दाट वस्तीत रोज पहाटे तो धूर कुणाच्या तरी खिडकीतून आत जातो. आमच्या परसात पंधरवड्यातून एकदा, माडांच्या पडलेल्या चुडतांवर आणि करवंट्यांवर भागतं, आणि तेही पेटवायचं तर दिवसभराचं गिऱ्हाईक आधी ठरवून.

गिऱ्हाईक आता ठरवावं लागत नाही. चतुर्थीच्या आधी नानकटाईचे डबे येतात, कुणाचा तरी केक येतो, मुंबईहून आलेली मुलं पिझ्झा मागतात. खरी हक्काची मालकीण मात्र शेजारच्या वहिनी. कोकमाची सालं रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, आणि नेमका शेवटच्या उन्हाला मिरगाचा पाऊस गाठतो. गेल्या जूनमध्ये त्यांची सालं सूपभर ओली राहिली, बुरशी धरणार म्हणून डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, रात्रीची भट्टी आहे, कोमट. सकाळी सालं चिवट वाळून निघाली, थोडी काळपट, पण घरच्या आमटीला काही बिघडत नाही.

यंदा त्यांनी मे महिन्यातच दाराची रुंदी टेपने मोजली. १४ इंच निघाली, म्हणून १३ इंची ॲल्युमिनियमची ताटं वेंगुर्ल्याच्या बाजारातून घेऊन आल्या. भट्टी कधी पेटवणार हे आता त्या मला विचारत नाहीत. आकाश बघतात आणि मला सांगतात.