एलटी आणि लांबचा रस्ता

माझी राजदूत ३५० मोटारसायकल ‘एलटी’ (लो टॉर्क) आहे आणि मी ती एचटीशी (हाय टॉर्क) कधीही बदलणार नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात भाव असतो तो एचटीला. जपानमध्ये यामाहाने १९७३ साली काढलेली मूळ आरडी ३५० होती ३९ अश्वशक्तीची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ती आपल्याकडे राजदूत ३५० म्हणून बनवली, तेव्हा डिस्कच्या जागी ड्रम आले. इथली एचटी ३०.५ अश्वशक्तीची; पेट्रोल कमी खावं म्हणून काढलेली एलटी २७ची. वेगाच्या नादातल्या पोरांनी एलटीला नाकं मुरडली. मला मात्र भुसावळजवळच्या दीपनगरहून दिवस उजाडायच्या आत निघून सातपुड्यात किंवा अजिंठ्याच्या डोंगरात जायचं असतं, मागच्या सीटवर बायकोला घेऊन. त्यासाठी याहून बरी गाडी मी चालवलेली नाही.

दीपनगरला आमच्या कॉलनीच्या डोक्यावर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आहेत. माझी नोकरी तिथेच, टर्बाइनच्या मजल्यावर गेली. २१० मेगावॅटचा संच मिनिटाला तीन हजार फेरे फिरतो आणि त्याचा सगळा भार बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर तोललेला असतो. तेलाचा दाब उतरला की बॅटरीवरचा पंप सुरू होतो. तरीही दाब सावरला नाही तर संच आपोआप ट्रिप होतो. आरडीत असं काहीच नाही. तिथे तेलाची राखण चालवणाऱ्यानेच करायची.

हे इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, ३४७ सीसीचं, हवेवर गार होणारं. त्यात टू-टी तेल पेट्रोलमध्ये मिसळून टाकायचं नसतं. तेलाची टाकी वेगळी, आणि एक छोटा पंप इंजिनच्या फेऱ्यांनुसार व अ‍ॅक्सिलरेटर किती पिळलाय त्यानुसार तेल सोडतो. फार सुरेख योजना आहे ही. चढावर जोर लावाल तसं तेल वाढतं. उतारावर मात्र उलटं होतं. अजिंठा गावाकडून फर्दापूरकडे घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर बंद असतो, म्हणजे पंप जेमतेम तेल देतो. पेट्रोलच्या मिश्रणाने आतून मिळणारा गारवाही कमी होतो. आणि इंजिन तर गाडीच्या वेगाने फिरतच असतं. असंच लांबवर उतरत राहिलं तर पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून मी मध्येमध्ये क्लच दाबतो, अ‍ॅक्सिलरेटरला हलका पीळ देतो, आत तेल जाऊ देतो. त्यातच टू-स्ट्रोकमध्ये इंजिनची ओढ फारशी नसते, सगळा ताण ड्रमवर येतो, आणि ड्रम तापले की पकड सोडतात. तेव्हा घाटात वेग आधीच कमी ठेवायचा, वळणावर पोचल्यावर नाही. भुसावळचे माझे मिस्तरी कुणी नवीन आरडीवाला आला की त्याला आधी एवढंच विचारतात, “भाऊ, पंपाची केबल शेवटची कधी पाहिली?”

आता खानदेशचं ऊन. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत मी सकाळी नऊनंतर ही गाडी रस्त्यावर ठेवत नाही. हवाच तापलेली असेल तर इंजिनच्या फिनांना गार कोण करणार? तिचे खरे दिवस म्हणजे दिवाळी ते होळी. डिसेंबरच्या पहाटे चोक ओढून किक मारावी, सेल्फ नाहीच, आणि दोन-तीन मिनिटं तिला नुसती उभी धडधडू द्यावी. धूर होतो, शेजारी खिडक्या लावून घेतात. त्यांचं बरोबर आहे, म्हणून मी गाडी गेटपर्यंत ढकलत नेऊन तिथे चालू करतो.

सगळ्यात आवडती वाट सातपुड्यातल्या पालची. तापी ओलांडली की रस्ता केळीच्या बागांतून जातो. पानांवर दव, शेताच्या कडेला घड भरणारे ट्रक. डावीकडे फैजपूर राहतं. १९३६ साली खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तिथलं. सावद्याहून खिरोदा, आणि मग सातपुड्याचा चढ. इथे एलटी किती शहाणी आहे ते कळतं. एचटी वरच्या फेऱ्यांत भडकते, तिला सतत पळवावं लागतं. माझी गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढते आणि सपाटीवर सहाव्यात साठ-सत्तरने तासन्‌तास जाते. लिटरला पंचवीसच्या आसपास देते. आजच्या मानाने हे काहीच नाही, पण तो खर्च मी आनंदाने करतो.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर. हा कर मला योग्य वाटतो. धूर करणारी गाडी ठेवायची तर तेवढं देणं लागतोच आपण. जुनी यंत्रं भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, पण ती रोज बाजारहाटाला वापरावीत असं नाही. बाजाराला माझी साधी स्कूटर आहे.

येत्या थंडीत तोरणमाळ करायचंय: चोपडा, शिरपूर, शहादा आणि मग तो खडा घाट. पुढच्या ड्रमला नवे लायनर बसवून झालेत. पॉइंटचा गॅप मिस्तरी येत्या रविवारी बघणार आहेत, आणि पंपाची केबल मी कालच बदलली.