सव्विसाव्या वर्षी बीजगणित

शाळेत गणिताला कायम पाठ दाखवणाऱ्या बार्बरा ओकली रशियन शिकायला अमेरिकी लष्करात गेल्या आणि सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन झाल्या.

सव्विसाव्या वर्षी लष्कर सोडून त्यांनी इंजिनिअरिंगचं मनावर घेतलं. सुरुवात? शाळकरी बीजगणितापासून! रशियन क्रियापदं जशी घोकून, वाक्यावाक्यांत वापरून अंगवळणी पाडली, तशीच समीकरणंही. 'समजलं' म्हणून वही मिटायची नाही. १९८६मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९९८मध्ये डॉक्टरेट.

घोकंपट्टीला नाकं मुरडणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते. आपल्याकडे पावकी-निमकी पाठ असलेले आजोबा पाऊण किलोचा हिशेब तोंडी करायचे, तेही सरावानंच. ओकलींसारखं उशिरा कॉलेजच्या उंबरठ्यावर आलेल्या प्रौढालाही बहुधा अपूर्णांक, टक्केवारी आणि उणे चिन्हच अडवतं. सोडवलेलं उदाहरण झाकून पुन्हा मांडावं, चुकलेली पायरी शोधावी. हे पक्कं होईपर्यंत कलनाचं पुस्तक कपाटातच राहू द्यावं.