नोमच्या वाटेवर

वाचकहो, आपल्या बाळाच्या लसीकरण-पत्रिकेवर ‘घटसर्प’ हा शब्द आपण वाचला असेल आणि बहुधा न थबकता पुढे गेला असाल. अलास्कातील नोम या चिमुकल्या गावाची कीर्ती मात्र याच शब्दाशी जडलेली आहे.

बेरिंग समुद्राच्या काठावरील या गावात १९२५च्या जानेवारीत मुले घटसर्पाने दगावू लागली. डॉ. कर्टिस वेल्च यांच्यापाशी होते त्या रक्तजलाची मुदत उलटून गेली होती. समुद्र गोठल्याने जहाज येणे शक्य नव्हते आणि त्या काळची उघडी विमाने तशा थंडीत उडविणे धोक्याचे होते. अँकरेजहून निघालेले रक्तजल आगगाडीने नेनानापर्यंत आले. तेथून नोम १,०८५ किलोमीटर! बर्फावरच्या घसरगाड्यांचे २० सारथी आणि सुमारे १५० कुत्री यांनी हाती-हाती सोपवीत ते साडेपाच दिवसांत पोचविले. अखेरचा टप्पा ओलांडणाऱ्या बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला. पण सर्वांत लांब आणि जोखमीची मजल मारली ती लेओनार्ड सेप्पाला यांच्या टोगोने. कीर्तीचा हा हिशेब मला नेहमीच चुकल्यासारखा वाटतो.

आजची इडिटारॉड शर्यत या धावेचेच स्मारक, असे अनेकजण समजतात. तिचे प्रवर्तक जो रेडिंग्टन यांची चिंता थोडी निराळी होती. यंत्रावर चालणाऱ्या बर्फगाड्या आल्या आणि गावोगावची कुत्री नाहीशी होऊ लागली. ती परंपरा टिकावी म्हणून १९७३ साली अँकरेज ते नोम अशी सुमारे १,६०० किलोमीटरची पहिली शर्यत झाली. विजेत्याला वीस दिवस लागले. आता तेच अंतर नऊ-दहा दिवसांत तोडले जाते. १९८५ साली लिबी रिडल्स या पहिल्या महिला विजेत्या ठरल्या.

आपल्याला वाटेल, हा सारा वेगाचा खेळ. प्रत्यक्षात तो विश्रांतीचा आहे. काही तास धावायचे आणि जवळजवळ तितकाच वेळ थांबायचे, ही त्याची लय. शिवाय एकदा सलग २४ तासांचा आणि दोनदा आठ-आठ तासांचा मुक्काम नियमानेच सक्तीचा. मुक्कामी पोचल्यावर सारथी आधी कुत्र्यांसाठी गवत अंथरतो, त्यांच्या पायांतील कापडी मोजे काढून पंजे तपासतो, मलम चोळतो, बर्फ वितळवून पाणी तापवितो आणि मांसाचे गरम कालवण वाढतो. दिवसाला एकेका कुत्र्याला दहा हजार कॅलरींच्या घरात अन्न लागते! हे सारे आटोपल्यावर उरेल ती झोप सारथ्याची. पशुवैद्य प्रत्येक कुत्र्याचे हृदय, फुप्फुसे, सांधे पाहतात. थकलेल्याला विमानाने माघारी धाडले जाते. तरीही या शर्यतीत कुत्री मृत्युमुखी पडली आहेत. प्राणिप्रेमी संस्थांचा विरोध म्हणूनच मला निराधार वाटत नाही.

मार्चमध्ये कधी नोमला गेलात, तर विजेत्याची मिरवणूक पाहून लगेच परतू नका. शर्यत सुरू होताच तेथे एक कंदील लावतात. वाटेवर एक जरी सारथी उरला असला, तरी तो जळत राहतो. अखेरचा स्पर्धक आपल्या कुत्र्यांसह फ्रंट स्ट्रीटवरील लाकडी कमानीखाली आला, की मगच तो मालवतात.