आडवी होणारी खुर्ची

जुलै २०१६. धावपटू द्युती चंद रिओ ऑलिंपिकसाठी हैदराबादहून निघाली, तेव्हा तिच्यापुढे सुमारे ३६ तासांचा प्रवास होता आणि हातात इकॉनॉमीचं तिकीट. अधिकारी बिझनेस क्लासने जातात, खेळाडू मागे अवघडून बसतात, झोप लागत नाही, मग पळायचं कसं, असं तिने उघड बोलून दाखवलं. बातमी झाली आणि विरली. सातारा-सांगलीच्या वाचकाने तरी ती विसरू नये. त्याच रिओत माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय मुलगी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरत होती.

रात्रभराचं विमान शरीराचं काय करतं? उडत्या विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतकाच ठेवलेला असतो. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. हवा कमालीची कोरडी. इकॉनॉमीत पुढच्या रांगेपर्यंतचं अंतर जेमतेम ३१-३२ इंच. गुडघे दुमडलेले राहतात, पोटऱ्या जड होतात, पावलं सुजतात, पहाटे बूट पायात चढत नाहीत. पडद्यापलीकडे पहिल्या वर्गात मात्र बटण दाबलं की पाठ मागे कलत जाते, पायांखालचा भाग वर येतो आणि जवळजवळ साडेसहा फुटांचा सपाट पलंग तयार होतो. वर गादी, उशी, पांघरूण. सहलीला निघालेल्यासाठी ही चैन आहे. उतरल्यावर चार दिवसांत ज्याला वजनकाट्यावर उभं राहायचं असेल, त्याच्यासाठी नाही.

कारण वजन उचलणं, गोळा फेकणं अशा खेळांतले फरक फार बारीक असतात. सांगलीत पानटपरी आणि चहाचं दुकान चालवणाऱ्या घरातला वेटलिफ्टर संकेत सरगर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून दुसरा आला. सुवर्ण गेलं २४९ किलोला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकला आणि रौप्य मिळवलं. सुवर्णपदक विजेता फक्त ६ सेंटिमीटर पुढे होता. जिथे पदकाचा रंग एका किलोवर ठरतो, तिथे एका रात्रीची झोप हिशेबात का धरत नाहीत?

जगातही हेच चालतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला जपानच्या महिला फुटबॉलपटू विश्वविजेत्या होत्या. तरी त्यांना मागची आसनं मिळाली आणि पुरुषांच्या संघाला बिझनेस क्लास. रौप्यपदक घेऊन परतताना मुलींना पुढे बसवलं. गरज होती जाताना, सोय मिळाली येताना!

ही मागची आसनं तरी कधीची? अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग १ मे १९५२ पासून सुरू झाला. विमानप्रवास म्हणजे श्रीमंतांचाच, हे तेव्हा कुठे बदलू लागलं होतं. त्याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला जायला निघाले होते. वर्ग कुठला हा प्रश्नच नव्हता. मुळात जायचं कशाने, हाच प्रश्न होता. गावाने वर्गणी काढली, खाशाबा दारोदार फिरले. सरकारदरबारी आधी नकारघंटा वाजली. अखेर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. देशासाठी खेळायला जाणाऱ्या पोराकरता एका शिक्षकाचं घर गहाण पडलं, हे आज वाचतानाही संताप येतो.

आणि हेलसिंकीत काय झालं? जपानच्या शोहाची इशीबरोबरची दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो दाखवून भांडायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना परक्या मुलखात बाजू मांडता आली नाही, आणि थकलेल्या अंगाने ते हरले. बँटमवेटमध्ये कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पण तो अर्धा तास मिळाला असता तर? विश्रांती हा खेळाडूचा हक्क आहे, आणि तो मिळवून देण्यासाठीच अधिकारी पथकाबरोबर जातात. त्या दिवशी हे काम कुणीच केलं नाही. परतल्यावर कराड स्टेशनवरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, काही मिनिटांच्या वाटेला सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले.

चांगली उदाहरणंही आहेत. २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात प्रत्येक संघाला बिझनेस क्लासच्या मोजक्याच जागा होत्या. अ‍ॅडलेडला जाताना भारताचे प्रशिक्षक राहुल द्रविड, रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनी आपल्या जागा वेगवान गोलंदाजांना दिल्या. ज्यांच्या पाठीवर आणि पायांवर भार, त्यांना ऐसपैस जागा, इतका सरळ विचार! महिला क्रिकेटची वाट लांब होती. २००५ च्या विश्वचषकात सामन्याला १००० रुपये मिळत, असं माजी कर्णधार मिताली राजने सांगितलं आहे. सांगलीची स्मृती मंधाना ज्या संघात होती, तो २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अंतिम सामना ९ धावांनी हरला, आणि त्यानंतर मुलींनाही बिझनेस क्लास मिळू लागला.

एक आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही. पुढच्या वर्गाचं तिकीट इकॉनॉमीच्या कित्येक पट महाग असतं. तेवढ्या पैशांत माण-खटावमधल्या एखाद्या तालमीचा खुराक निघेल, एखाद्या मुलीला चांगलं धनुष्य मिळेल. शिवाय खाशाबांनी जे केलं, ते कुठल्याही खुर्चीच्या आधाराशिवाय केलं. हे आठवलं की वाटतं, आधी खुराक, आधी मैदान, खुर्चीचं नंतर बघू. पण मग हाच हिशेब अधिकाऱ्यांच्या तिकिटालाही लावा. पैसे नसतील तर सगळेच मागे बसतील. एकच जागा पुढची असेल तर ती वजन उचलणाऱ्याची, धावणारीची, कुस्ती खेळणाऱ्याची.

जुलै २०२८ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिक आहे. भारताच्या आणि तिथल्या घड्याळात साडेबारा तासांचा फरक, म्हणजे आपली रात्र तिथला दिवस. कंपाउंड धनुर्विद्येला पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली आहे, मिश्र सांघिक प्रकारात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला याच कंपाउंड प्रकारात १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांचं विजेतेपद मिळवणारा नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्यातच घडला. पथकात कोण असेल हे निवड चाचण्यांवर ठरेल. तिकिटांची यादी मात्र आताच ठरवता येते, आणि तिच्यात वरची नावं खेळाडूंची असावीत, तीही जातानाच्या विमानासाठी.