सरकणारी रेषा

संग्रामपूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. विहिरीचं पाणी दिसायला नितळ, तोंडात घेतलं की खारट. पाण्यात विरघळलेलं काही डोळ्यांना दिसत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणूनच एम.एस्सी.नंतर मुंबईत एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या यंत्रावर काम मिळालं, तेव्हा मला द्रावणाचीच ओढ होती.

कामाची सुरुवात इथेनॉलपासून झाली. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, पॅकार्ड आणि आपले एस. एस. धर्मट्टी यांनी इथेनॉलमधल्या तीन प्रकारच्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत, म्हणजे वर्णपटातल्या तीन रेषा, दाखवले. पुढे धर्मट्टींनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राचा पाया घातला. त्या तीन रेषांपैकी कार्बनवरच्या हायड्रोजनच्या दोन जवळपास जागच्या जागी राहतात. ऑक्सिजनवरच्या हायड्रोजनची तिसरी मात्र सरकते. निव्वळ इथेनॉलमध्ये ती वर्णपटाच्या मापपट्टीवर ५.३ पीपीएमच्या आसपास असते. ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म घालून द्रावण पातळ करत नेलं की २ च्याही खाली उतरते.

कारण हायड्रोजन बंध. इथेनॉलचे रेणू एकमेकांना धरतात, सोडतात. ही पकड त्याच रेणूतल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकी. धरणं-सोडणं इतक्या वेगात चालतं, की यंत्राला बांधलेला आणि सुटा हायड्रोजन वेगळे दिसत नाहीत. दोन रंगांची भिंगरी फिरताना एकाच रंगाची दिसावी, तशी सरासरीची एकच रेषा उमटते. रेणूंना शेजारी कमी मिळाले की ती सुट्याकडे झुकते. एवढ्या दुबळ्या बंधाची खूण नुसत्या रेषेच्या जागेवरून ओळखता येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

काम मात्र चिकाटीचं. नळी पाच मिलिमीटरची, द्रावण जेमतेम अर्धा मिलिलिटर, आणि मुंबईची दमट हवा. क्लोरोफॉर्ममध्ये शिरलेल्या पाण्याची रेषा १.५६ ला येते, नेमकी आपली रेषा उतरते त्याच भागात. शिवाय ते पाणी स्वतःही हायड्रोजन बंध करतं. त्यामुळे काच आणि द्रावक कोरडे ठेवण्यातच निम्मा दिवस जायचा.

सुट्टीत घरी गेलो की बाबा विचारत, "काय रे, आपल्या पान्यातला खार दिसते का त्या यंत्रात?" हायड्रोजनच्या वर्णपटात मिठाची रेषा नसते, कारण मिठात हायड्रोजनच नाही. पण खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे यंत्राची जुळणी बदलते, ते लगेच कळतं. आणि यंत्र सोडियमच्या वारंवारतेवर लावलं, तर खारही दिसतो. बाबांना तसंच सांगितलं.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. पवईच्या आयआयटीतल्या उपकरण केंद्रात बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देतात. पुस्तकातल्या चित्रावर थांबू नका. इथेनॉलची दोन वेगळ्या प्रमाणांची द्रावणं पाठवा आणि ती रेषा सरकलेली मुलांना दाखवा.