अडकलेला निरोप

कर्करोग म्हटलं की आमच्या वाशिमकडे दोनच शब्द निघतात: 'गाठ' आणि 'टाटा'. त्या गाठीच्या आत काय चाललेलं असतं, हे मी नुकतंच वाचलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय!

पेशीच्या आवरणात ईजीएफआर नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. डोकं बाहेर, शेपूट आत. 'वाढ' असा निरोप घेऊन आलेला रेणू डोक्याला चिकटला की दोन ईजीएफआर जोडी जमवतात, एकमेकांच्या शेपटीला फॉस्फेट लावतात आणि निरोप रास, रॅफ, मेक, अर्क अशा प्रथिनांच्या हातोहाती थेट केंद्रकापर्यंत! पेशी दुभंगते, निरोप थांबतो. हे वाचताना तुमच्याही अंगात हेच चाललंय.

पण जनुकात एवढासा बदल झाला, की शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचं बटण आत अडकून बसावं तसं होतं. कुणी दाबलेलं नाही, तरी मोटार चालूच. फुफ्फुसाचे काही कर्करोग असेच होतात, आणि कधी विडीला न शिवलेल्या माणसांत तर हे जास्तच आढळतं.

आता खरं नवल ऐका. शेपटीजवळ एक खाच असते. फॉस्फेट पुरवणारा एटीपी तिथे बसतो. जेफिटिनिबची गोळी नेमकी तीच खाच अडवते. निरोप खुंटला! आधी हीच युक्ती रक्ताच्या एका कर्करोगात जमली होती. १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवलं, की त्यात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून जन्मणाऱ्या प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब २००१ साली अमेरिकेत मंजूर झालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी त्याच्या सुधारित रूपाला पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

आणि आपलं टाटा रुग्णालय! तिथल्या डॉक्टरांनी ईजीएफआर बिघडलेल्या ३५० रुग्णांवर चाचणी केली. नुसत्या जेफिटिनिबनं आजार साधारण ८ महिने आवरला, केमोची जोड दिल्यावर १६. त्रास वाढला हे खरं, आणि पुढे गाठ गोळीला दाद देईनाशी होते हेही खरं. तरी दुप्पट काळ, आणि तो मुंबईत सिद्ध झालेला!

म्हणून रिसोड-मालेगावपासून कारंजा-मानोऱ्यापर्यंत सगळ्यांना विनवणी: घरात कुणाला फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, तर डॉक्टरांना जरूर विचारा, "गाठीच्या तुकड्याची ईजीएफआर तपासणी झाली का?"