प्रवाळांचा चुना

‘चुना लावणे’ या वाक्प्रचाराला आपल्या भाषेत चांगला अर्थ नाही. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दहा दिवस इमानेइतबारे हेच काम केले, आणि तेही थोरल्या बहिणीच्या घरी, भावोजींच्या लेखी आज्ञेवरून!

हे घर जर्मनीत, श्टुटगार्ट शहरी. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. पण त्याच्या दिवाणखान्यात अडीचशे लिटरांचा एक समुद्र नांदतो. काचेच्या पेटीत खारे पाणी, वर निळसर दिवे आणि खडकांवर जांभळी, हिरवी दगडी प्रवाळे. भाचीच्या जन्मवर्षी सुपारीएवढी आणलेली एक फांदी आता पंजाएवढी झाली आहे. (आपल्याकडे कोणी हा मोह धरू नये. मालवणची असोत वा आपल्या ग्रांदे बेटाभोवतालची, दगडी प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. भावोजींची प्रवाळे तेथील छांदिष्टांनी पेट्यांतच वाढविलेली आहेत.)

प्रवाळ हा प्राणी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा रचतो. समुद्राच्या दर लिटरात सुमारे ४०० ते ४२० मिलीग्रॅम कॅल्शियम असते आणि तो साठा सरत नाही. पेटीतला मात्र सरतो. त्यावर जुना उपाय चुन्याच्या निवळीचा. जर्मन लोक तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. नाव परके, वस्तू आपल्या शाळेतली. नळीने श्वास फुंकला की दुधाळ होते, तीच ही! आजीच्या चुनाळ्यातला चुनाही तोच. गोव्यात तो शिंपले भाजून करीत.

पेटीतून रोज सुमारे तीन लिटर पाण्याची वाफ होई. तेवढीच निवळी रात्रभर थेंबाथेंबाने सोडावयाची. रात्रीच, कारण प्रवाळांच्या अंगातील सूक्ष्म शैवाले अंधारात कर्बवायू शोषीत नाहीत आणि पाणी आम्लाकडे झुकते. निवळी तो झोक सावरते. मात्र ती एकदम ओतली तर पाणी गढूळ होऊन चुना तळाशी बसतो, म्हणजे प्रवाळे उपाशीच.

भावोजी परगावी गेले आणि पावसाची झड लागली. हवा दमट झाली, वाफ निम्म्यावर आली. अर्थात निवळीही निम्मीच जाऊ लागली. ठरल्याप्रमाणे पाचव्या दिवशी थेंब मोजीत पाणी तपासले. कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आले होते. एवढ्याने काय बिघडते, असे कोणासही वाटेल! पण पाण्याची आम्ल जिरविण्याची शक्ती, जिला अल्कता म्हणतात, ती जर्मन मापाच्या साडेआठ अंशांवरून पावणेसहांपर्यंत घसरली होती. प्रवाळ दोन्ही द्रव्ये ठरल्या प्रमाणात खाते. पण एकाची कोठी भरलेली आणि दुसऱ्याची डबी लहान. विसावा हिस्सा गेला तो डोळ्यांत भरत नाही, तिसरा हिस्सा गेला तो जिवावर बेततो.

निवळी दुप्पट सोडता येत नव्हती. वाफेहून अधिक घातली तर खारेपणा उतरतो आणि पाणी जहाल होते. भावोजींच्या टिपणात तोड होती: अल्कतेसाठी खाण्याचा सोडा, कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही पाण्यात विरघळवून, निरनिराळ्या वेळी. आणि अल्कता दिवसाला एका अंशाहून अधिक चढवू नये.

एका अंशाला साडेसात ग्रॅम सोडा लागतो. “मावशी, सगळा एकदम टाक ना! तिला भूक लागली असेल,” भाची म्हणाली. तिच्या वयाची ती फांदी माझ्या हाती होती. एकदम चढलेल्या अल्कतेने अशा फांद्यांची टोके जळून पांढरी पडतात, हे मी तिला सांगितले, आणि मोजून साडेसात ग्रॅमच घातला. दुसऱ्या दिवशी तेवढाच, तिसऱ्या दिवशी थोडा कमी. एव्हाना पाऊस उघडला होता आणि पेटी पुन्हा तीन लिटर निवळी पिऊ लागली होती.

तिसऱ्या रात्री अल्कता साडेआठ भरली. भाची पट्टी घेऊन फांदी मोजावयास बसली. केसभरही फरक दिसेना, तशी ती हिरमुसली. मग आम्ही दोघींनी हिशेब मांडला. दर लिटरामागे रोज १० मिलीग्रॅम कॅल्शियम, म्हणजे अडीचशे लिटरांत अडीच ग्रॅम. त्याचा चुनखडक होतो सव्वासहा ग्रॅम. एवढा दगड या पेटीत दररोज घडत होता.

ती उठली आणि सव्वासहा ग्रॅम म्हणजे केवढे ते पाहण्यासाठी स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणि तराजू घेऊन आली.